दुकानाच्या वेबसाइटवर सर्चमध्ये टाइप करतानाच वस्तू सुचवायच्या आहेत, स्पेलिंग चुकलं तरी चालावं – कसं करू?

शाबू_खिचडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मामांचं किराणा दुकान आहे, त्याची ऑर्डर घ्यायची वेबसाइट मी बघतो. लारावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल डेटाबेस, साधारण 3,500 वस्तू. गिऱ्हाइक मुख्यतः कोल्हापूर-सांगलीचं, शिवाय पुण्या-मुंबईत जाऊन राहिलेली आपली माणसं, आणि हल्ली नागपूरकडनं पण ऑर्डरी यायला लागल्यात. सर्च आत्ता नुसत्या लाइक क्वेरीवर चालतोय, म्हणजे वस्तूचं नाव आम्ही जसं टाकलंय तसंच्या तसं टाइप केलं तर सापडतं नाहीतर "काही मिळालं नाही" आणि माणूस सरळ मामांना फोन करतो.

लॉग काढून बघितला तर गंमत आहे. गूळ ऱ्हस्व पण लिहितात दीर्घ पण, साबुदाण्याला कुणी साबूदाना, कुणी शाबूदाणा, आमच्याकडचे नुसतं शाबू. तूरडाळ जोडून, तूर डाळ तोडून, तुरीची डाळ, तूर दाळ. आणि अर्ध्याहून जास्त लोक इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात, त्यात तर काय ताळमेळच नाही.

मला पाहिजे ते असं की दोन-तीन अक्षरं टाकली की खाली यादी यावी, चुकलं तरी योग्य वस्तू दिसावी, आणि जो माणूस दर महिन्याला जे घेतो ते त्याला आधी दिसावं. सर्व्हर छोटा आहे, 2 जीबी रॅमचा. एक मित्र म्हणाला इलॅस्टिकसर्च (वेगळं सर्च इंजिन) टाक, फझीनेस म्हणजे किती चुका माफ करायच्या ते ऑटो ठेव, विषय संपला. त्याच्या लॅपटॉपवर लावून बघितलं तर जिरे टाकलं की मिरे पण येतंय आणि तूप टाकलं की तूर. मामा म्हणाले हे राहू दे बाबा, फोनच बरा. कुणी केलंय का असं काही?

---

बॅकएंडवाला

जिरे-मिरेचं कारण सोपं आहे. फझीनेस ऑटो म्हणजे 1-2 अक्षरांच्या शब्दाला चूक माफ नाही, 3 ते 5 ला एक चूक माफ आणि त्याच्या पुढे दोन. आता ही "अक्षरं" म्हणजे आपली अक्षरं नव्हेत, युनिकोडचे कोडपॉइंट. जिरे म्हणजे ज, ऱ्हस्व वेलांटी, र, मात्रा असे चार. मिरे पण चार. फरक एकाचा, म्हणजे मशीनच्या लेखी तुझं गिऱ्हाइक मिरे टाइप करताना चुकून जिरे लिहून बसलंय. तूप आणि तूर तर तीनच कोडपॉइंटचे, तिथे पण एकाचा फरक. पहिलं अक्षर जुळलंच पाहिजे अशी सेटिंग आहे, प्रीफिक्स लेंग्थ 1 करायची, त्याने जिरे-मिरे सुटेल पण तूप-तूर नाही सुटणार.

खरी भानगड वेगळीच आहे. तू जी यादी दिलीस त्यातल्या किती चुका खरंच बोट घसरल्याच्या आहेत बघ. जवळपास एकही नाही. गुळ, शाबू, तुरीची डाळ, दाळ ह्या सगळ्या लोकांच्या नेहमीच्या लिहायच्या-बोलायच्या पद्धती आहेत, उद्या परत तेच लोक तसंच लिहिणार. एडिट डिस्टन्स, म्हणजे दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजणं, बनलं दुसऱ्याच कामासाठी. 1964 ला आयबीएमच्या डॅमेरोने पेपर लिहिला त्यात 80 टक्क्यांच्या वर चुका एकाच प्रकारात बसतात असं होतं, एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं किंवा शेजारचे दोन उलटे. पण ते इंग्रजी, आणि माणसाला बरोबर स्पेलिंग येतंय पण हात चुकला असं धरून. तुझ्याकडे आधी सगळी रूपं एका साच्यात आणायचं काम आहे, मग पर्यायी नावं जोडायचं, आणि एवढं करून जे उरेल त्याला फझी. उलट्या क्रमाने गेलास तर जिरे-मिरे करतच बसशील.

आणि 3,500 वस्तूंना इलॅस्टिकसर्च कशाला, 2 जीबीत ते आणि मायएसक्यूएल दोघं भांडत बसतील. आहे त्याच डेटाबेसमध्ये एक वेगळं टेबल कर, त्यात की, वस्तूचा आयडी आणि वजन. की म्हणजे साच्यात आणलेलं नाव. लाइक क्वेरीत टक्क्याचं चिन्ह फक्त शेवटी असेल तर इंडेक्स (आधीच लावून ठेवलेली क्रमवार सूची) वापरला जातो, तू बहुतेक दोन्ही बाजूंना लावलंयस म्हणून अख्खं टेबल चाळलं जातंय. एकेका वस्तूला पाच-सहा की धरल्या तरी वीसेक हजार ओळी, हे तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं.

---

शाबू_खिचडी

बरोबर ओळखलंत दादा, दोन्ही बाजूंना आहे. पण साच्यात आणायचं म्हणजे नक्की काय काय करायचं? वेलांट्या काढून टाकू का सगळ्या?

---

बॅकएंडवाला

काढू नको, एक कर. दीर्घ ते सगळे ऱ्हस्व, वेलांटी पण उकार पण. ह्याचा मराठीत एक भारी फायदा मिळतो जो मला पण करून बघितल्यावरच दिसला. आपल्याकडे सामान्यरूप होताना दीर्घ ऱ्हस्व होतो ना, मूग-मुगाची, तूर-तुरीची. आता मूग चं मुग केलंस की ते थेट मुगाची डाळ ह्याच्या सुरुवातीला जुळतं, वेगळं काही करायला नको. उडीद-उडदाची मध्ये मधला स्वरच पळतो, तिथे नाही जुळत, तसली चार-सहा नावं हाताने टाक.

मग युनिकोडची घाण. वऱ्याचे तांदूळ घे, उपवासाला लागतात म्हणजे तुझ्याकडे असणारच. तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, काही कीबोर्ड नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ वापरतात आणि काही साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. ऱ चा र कर आणि जॉइनर, नॉन-जॉइनर दोन्ही उडव, मग दोन्हीकडून एकच रूप निघतं. हरभऱ्याची डाळ पण त्यातच सुटली. सगळ्याच्या आधी एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलेलं असेल ते एक करणारं) चालवायला विसरू नको.

त्याच्यापुढे ण चा न, ळ चा ल, श आणि ष चा स. शुद्धलेखनवाले ओरडतील पण ही की कुणाला दाखवायची नाहीये, दाखवायचं नाव वेगळ्या कॉलममध्ये शुद्धच राहील. स्पेस आणि हायफन काढ, म्हणजे तूरडाळ आणि तूर डाळ एक. पण प्रत्येक शब्दापासून सुरू होणारी की वेगळी टाक, नाहीतर कुणी नुसतं डाळ टाकलं तर काहीच येणार नाही.

बाय द वे इलॅस्टिकसर्चवाल्या मित्राला सांग की त्यात हिंदीचं नॉर्मलायझेशन फिल्टर आयतं आहे, ऱ्हस्व-दीर्घ, चंद्रबिंदू, नुक्ता, जॉइनर सगळं करतं, मराठीला बरंचसं चालतं. फक्त हिंदीचा स्टेमर लावू नकोस त्याच्यासोबत, तो प्रत्यय हिंदीचे समजून छाटतो.

---

पाटी_पेन्सिल

वरच्याला एक पुरवणी. खोबरं-खोबरे, जिरं-जिरे ह्याचं काय? लॉगमध्ये हे पण असेल. मोह असा होतो की शेवटचा अनुस्वार काढून मात्रा द्यायचा नियम लिहावा. इंडेक्स करताना लिही, क्वेरीवर लिहू नको! कारण क्वेरी अर्धवट असते. माणूस संत्रा बर्फी टाइप करतोय, त्याने सं एवढंच टाकलंय, तुझा नियम त्याचं से करणार आणि खाली शेव येणार. शब्दाच्या शेवटावर अवलंबून असलेला कुठलाही नियम टाइप होत असलेल्या मजकुराला लागत नाही, कारण शेवट अजून आलेलाच नाहीये. पूर्ण सर्चसाठी लिहिलेला कोड उचलून सुचवण्यांना लावला की हेच होतं.

---

आयत्या_बिळावर

देवनागरीचं झालं, पण प्रश्नात अर्ध्याहून जास्त लोक इंग्रजी अक्षरांत टाइप करतात असं लिहिलंय त्याकडे कुणी बघितलंच नाही, आणि माझ्या अनुभवात खरी मारामारी तिथेच असते.

मी असं केलंय एका ठिकाणी. की देवनागरीत ठेवायचीच नाही, रोमनमध्ये ठेवायची. देवनागरी नाव आलं तर त्याचं रोमन कर, रोमन आलं तर तेच, आणि मग दोघांना एकाच चाळणीतून काढ. डबल ओ चा यू, डबल ई चा आय, डब्ल्यू चा व्ही, झेड चा जे, एसएच चा एस. आणि मुख्य म्हणजे ए हे अक्षर पूर्ण काढून टाकायचं, अ चं पण आणि आ चं पण, कारण लोक कुठे एक ए देतात कुठे दोन कुठे देतच नाहीत. अनुस्वाराचा सरळ एन, आणि प-ब च्या आधी लोक एम लिहितात त्याचा पण एन. शेंगदाणे घेतलं तर एस-ई-एन-जी-डी-एन-ई उरतं, देवनागरीतून आलं तरी आणि कुणी कसंही रोमन लिहिलं तरी. ट-त आणि ड-द रोमनमध्ये आपोआप एक होतात त्यामुळे तुझी दाळ पण सुटली, मराठवाड्यातलं गिऱ्हाइक आलं तरी भीती नाही.

हे साउंडेक्स, मेटाफोन वगैरे उच्चारावरून शब्द जुळवणाऱ्या पद्धतींनी होत नाही हे आधीच सांगतो. साउंडेक्सचं पेटंट 1918 चं, अमेरिकेतल्या आडनावांसाठी, तिथे स्वर टाकूनच देतात आणि पहिलं अक्षर सोडून फक्त तीन आकडे ठेवतात. प्रीफिक्सला, म्हणजे शब्दाची नुसती सुरुवात जुळवायला, काही उपयोग नाही त्याचा.

आता पीएचपीवाल्यांसाठी खास. तुझ्याकडे लेव्हनश्टाइन हे एडिट डिस्टन्स काढणारं फंक्शन तयार आहे आणि तू ते वापरणार हे मला दिसतंय. ते बाइट मोजतं, अक्षरं नाही. देवनागरीचा एक कोडपॉइंट यूटीएफ-8 मध्ये 3 बाइटचा. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा फरक एक मोजला जाईल आणि एक अनुस्वार राहिला तर तीन. काय वाट्टेल ते निकाल येतात आणि कारण लवकर कळत नाही. की रोमन असली की एक अक्षर एक बाइट, तेच फंक्शन बरोबर चालतं. हा दुसरा फायदा.

आणि फझी करताना टाइप केलेलं अख्ख्या कीशी तुलना करू नको. त्याने चार अक्षरं टाकली आणि की सात अक्षरांची, तर अंतर तसंही तीन येणार. कीची पहिली तीन, चार, पाच अक्षरं घेऊन त्यातलं कमीतकमी अंतर घे. चार अक्षरांपर्यंतच्या क्वेरीला फझी बंदच ठेव, जिरे-मिरे तिथेच संपलं. पाच ते सातला एक, पुढे दोन. आणि सरळ जुळणाऱ्या वस्तू पाच-सहा मिळाल्या तर फझी चालवूच नको.

---

वेक्टर_विठोबा

एवढी हमाली कशाला करताय राव 2020 च्या नंतर. मल्टिलिंग्युअल एम्बेडिंग मॉडेल घ्या, सगळ्या वस्तूंचे वेक्टर (अर्थ पकडणारे आकडे) काढून ठेवा, क्वेरीचा वेक्टर काढा, जवळचे दहा दाखवा. मराठी, इंग्रजी, हिंदी सगळं एकात. शिवाय "उपवासाचं काहीतरी" टाकलं तरी साबुदाणा येईल, ते तुमच्या चाळणीने येणार आहे का?

---

आयत्या_बिळावर

ते पूर्ण सर्चसाठी भारी आहे विठोबा, तिथे लावा की. पण इथे माणसाने शें एवढंच टाकलंय. शें चा अर्थ काय? एम्बेडिंग अर्थ पकडतं, अर्ध्या शब्दाला अर्थच नसतो, ते कुठल्या कुठे घेऊन जातं. आणि प्रत्येक अक्षराला मॉडेल चालवायचं ते पण 2 जीबीच्या सर्व्हरवर. एन्टर मारल्यावर शून्य निकाल आले तर तिथे वेक्टर, हे मला मान्य आहे. आयआयटी मद्रासच्या एआय4भारतने रोमन ते देवनागरी करणारं मॉडेल खुलं केलंय ते पण चांगलं आहे, पण मी ते रात्री एकदा लॉगवर चालवून पर्यायी नावं शोधायला वापरेन, टाइप करताना नाही.

---

जाई_फ्रंटएंड

तुम्ही सगळे डेटाबेसवाले फोनवर काय दिसतं ते बघतच नाही 😀 मी फ्रंटएंडची बाजू सांगते.

शाबू, तुझ्या गिऱ्हाइकातले बरेच जण अँड्रॉइडवर जीबोर्ड वापरत असणार, त्यात इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटतं तो कीबोर्ड. तो शब्द पूर्ण होईपर्यंत मजकूर कंपोझिशनमध्ये, म्हणजे अजून कच्चा असतो. खूप ठिकाणी कोड असा असतो की कंपोझिशन चालू असताना काहीच करू नका, चिनी-जपानी कीबोर्डसाठी लिहिलेला सल्ला सगळ्यांनी उचललेला. त्याने होतं काय की स्पेस दाबेपर्यंत एकही सुचवणी येत नाही आणि मग सुचवण्यांचा उपयोग काय. इनपुट इव्हेंट ऐक आणि दर वेळी यादी ताजी कर, कंपोझिशनची तपासणी फक्त एन्टर दाबल्यावर. कीडाउनवर अजिबात विसंबू नको, अँड्रॉइडवर तिथे बहुतेक वेळा 229 हाच कोड येतो, कुठलं बटण दाबलं ते कळतच नाही.

दुसरं म्हणजे "दोन अक्षरं झाल्यावर यादी दाखवा" हा नियम. स्ट्रिंगची लांबी 2 म्हणजे नुसतं हि झालं, ह आणि वेलांटी. वाचणाऱ्याला ते एक अक्षर आहे. इंटल सेगमेंटर आहे जावास्क्रिप्टमध्ये, ग्राफीम म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारी पूर्ण अक्षरं मोजायला, आता सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतो. मी तर म्हणेन तुझ्याकडे एका अक्षरावर पण दाखव, किराणा आहे, त्या माणसाने मागे घेतलेलंच दाखवायचंय.

तिसरं, जुळलेला भाग ठळक करायचा शौक सगळ्यांना असतो. टाइप केलंय शेंगद आणि वस्तू आहे शेंगदाणे, तू द नंतर टॅग बंद केलास की काना एकटा पडतो आणि काही फोनवर तो टिंबांच्या गोलावर बसून येतो, एकदम घाण दिसतं. तोडायचं तर पूर्ण अक्षरावर तोड, त्यासाठी पण सेगमेंटरच. आणि चाळणीतून जुळलेलं असेल तर ठळक कुठून कुठपर्यंत करणार, मूळ नावात ती अक्षरंच नसतात. मी फझी निकालांना ठळक करतच नाही.

बाकी नेहमीचं, दीड-दोनशे मिलिसेकंद थांबून मग रिक्वेस्ट, नवीन गेली की जुनी रद्द, नाहीतर मागून आलेलं जुनं उत्तर नव्यावर बसतं. खेड्यातल्या नेटवर हे सारखं होतं. स्क्रीन रीडरसाठी कॉम्बोबॉक्सचे एरिया (ARIA) रोल, म्हणजे कुठला भाग काय आहे ते सांगणाऱ्या खुणा, नीट दे.

---

शाबू_खिचडी

ताई तो टिंबांचा गोल आमच्या जुन्या साइटवर होता, मला वाटलं फॉन्टच खराब आहे.

आता दुसरा भाग राहिला, ज्याचं त्याला आधी दाखवायचं. लॉगिन करणारे लोक कमी आहेत, बरेच जण पाहुणा म्हणूनच ऑर्डर देतात, फोन नंबर आणि पत्ता टाकून. त्यांचं काय करायचं?

---

बॅकएंडवाला

त्यांच्यासाठी पिनकोड. सर्च करताना पिन विचारून ठेवलाच असेल डिलिव्हरी होते का बघायला. पहिले तीन आकडे घे, 411 पुणे, 416 कोल्हापूर-सांगलीकडचा पट्टा, 440 नागपूर, आणि लोकप्रियतेचे आकडे प्रत्येक तीन आकड्यांना वेगळे मोज. आमच्या कोल्हापुरात माणूस चटणी टाकतो तेव्हा त्याला नव्वद टक्के वेळा कांदा-लसूण मसाला पाहिजे असतो (टक्के माझ्या मनाचे, पण कुठल्याही घरात विचारा). पुण्यातला चटणी टाकेल तर त्याला शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी. नागपूरवाला सांबार टाकेल तेव्हा त्याला कोथिंबीर अपेक्षित असते, सांबारवडी म्हणजे कोथिंबीर वडी, आणि तू दाखवणार दक्षिणेकडचा सांबार मसाला. ही माणसामाणसाची आवड म्हणायची तर तसं नाही, गावाची आहे, आणि त्यासाठी त्या माणसाबद्दल काही साठवायला पण लागत नाही. माझ्या मते पर्सनलायझेशन म्हणून लोक जे मागतात त्यातलं बरंचसं एवढ्यावरच भागतं.

एखाद्या पिनमध्ये ऑर्डरी फारच कमी असतील तर तिथला आकडा आणि एकूण आकडा मिसळ, नाहीतर एकाने दहा किलो खसखस घेतली की सगळ्या गावाला खसखस.

---

पाटी_पेन्सिल

लोकप्रियता मोजताना जुनी विक्री कमी कमी होत गेली पाहिजे, हे किराण्याला जास्तच लागू. श्रावण, आषाढी, नवरात्र आलं की सा टाकल्यावर साबुदाणा वर पाहिजे, एरवी साखर. संक्रांतीला ती टाकलं की तीळ, दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी. रोज रात्री सगळ्या आकड्यांना 0.9 ने गुण आणि त्या दिवसाची विक्री मिळव, आठवड्यात जुनं साधारण निम्मं होतं. सण हाताने भरायला नको, विक्रीच सांगते.

पण माणसाच्या स्वतःच्या इतिहासाला हा वेग लावू नको! महिन्याचा किराणा असतो, एक तारखेला भरला तो पुढच्या एक तारखेला परत भरणार. आठवड्यात निम्मं केलंस तर पुढच्या महिन्यापर्यंत त्याचा तांदूळ विसरून जाशील. तिथे दोन महिन्यांत निम्मं व्हावं असा वेग ठेव.

आणि मोजायचं काय, तर टोपलीत टाकलेलं किंवा विकत घेतलेलं. सुचवणीवरचे क्लिक मोजू नको. पहिल्या नंबरवर जे असतं त्यावर लोक तसंही क्लिक करतात, मग ते अजून वर राहतं, मग अजून क्लिक. क्लिक मोजायचेच असतील तर कितव्या नंबरवर होतं ते पण लिहून ठेव.

---

आयत्या_बिळावर

मिसळायचं कसं ते सांगतो. आधी सगळ्यांसाठी सारखी यादी काढ, त्या प्रीफिक्सच्या पहिल्या 30 वस्तू, पिनच्या तीन आकड्यांप्रमाणे. ही कॅश करता येते, म्हणजे एकदा काढून ठेवलेली परत वापरता येते, कारण शें टाकणारे सगळे कोल्हापूरवाले सारखेच. मग त्या 30 मध्ये माणसाच्या सवयीने खालीवर कर. सवयीने नवीन वस्तू आत आणायची नाही, जुळलेल्यांचाच क्रम बदलायचा. आणि सरळ जुळलेलं ते फझीच्या वरच, सवय काहीही असो. दर महिन्याला तूप घेणाऱ्याने तूर पूर्ण टाइप केलं तर तूरच वर.

ही खालीवर करायची गंमत मी सर्व्हरवर करतच नाही. लॉगिन झालं की त्याच्या शंभरेक वस्तू आणि वजनं एकदाच ब्राउझरला पाठवायची, आणि पाहुण्याचं तर त्याच्या फोनमध्येच लोकलस्टोरेजला राहतं, त्याने मागे काय टोपलीत टाकलं ते. सर्व्हरकडून आलेली यादी तिथल्या तिथे मिसळ. सर्व्हर हलका, कॅश शाबूत, आणि कुणी काय शोधलं ह्याची वही तुझ्याकडे साठत नाही.

---

नेदरलँड्सकर

ह्या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडून जोरात पाठिंबा. इकडे युरोपात जीडीपीआर ह्या खाजगी माहितीच्या कायद्यामुळे आम्हाला हे सुरुवातीलाच विचारात घ्यायला लागतं आणि आपल्याकडेही 2023 चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा झालेलाच आहे. किराण्यात काय एवढं खाजगी असं वाटतं, पण साखर न घालता केलेली बिस्किटं, मोठ्यांचे डायपर, बाळाचं पावडरचं दूध ह्यातून घरातलं बरंच कळतं. आणि आपल्याकडे एक फोन अख्ख्या घरात फिरतो. सासूबाईंनी सर्च उघडला आणि सुनेने गुपचूप शोधलेली प्रेग्नन्सी किट वर आली तर भांडण तुम्ही लावलंत. "अलीकडचे शोध पुसा" हे बटण यादीतच ठेव, सेटिंगमध्ये पुरू नको, आणि काही प्रकारच्या वस्तू सवयीत धरायच्याच नाहीत असं ठरव.

अजून एक, लोकांनी टाइप केलेलं जसंच्या तसं दुसऱ्यांना सुचवू नको. सर्चबारमध्ये लोक काय वाट्टेल ते पेस्ट करतात, फोन नंबर, पत्ता, एखाद्याचं नाव. सुचवणी म्हणून फक्त वस्तूंची नावं आणि हाताने मंजूर केलेली पर्यायी नावं. लॉगमधून पर्यायी नाव उचलायचं असेल तर बऱ्याच वेगवेगळ्या लोकांनी ते टाकलेलं असेल तेव्हाच उचल.

---

शाबू_खिचडी

सगळ्यांचे आभार, डोकं भरलंय पण दिशा कळली. रोमन कीची चाळणी लिहून सगळ्या वस्तूंवर चालवली. शाबूचे सगळे अवतार, तूर-दाळ, वऱ्याचे तांदूळ सगळे एका जागी आले. भगर, वरई आणि कारळे-खुरासणी, जवस-अळशी असली नावं मामा सांगतात आणि मी टाइप करतो असं चाललंय, मामांना पहिल्यांदाच वेबसाइटमध्ये रस आलाय.

एक शंका. वेगवेगळ्या वस्तूंची एकच की होतेय का ते शोधायला सांगितलं नव्हतं कुणी पण मी काढलं. थोड्याच निघाल्या, त्यात कपड्यांची खळ आणि खलबत्त्यातला खल एक झालेत, दोघांची की के-एच-एल. आणि ए काढल्यामुळे काळा आणि कळी एक होत नाहीत पण काळा आणि काल एक होतात, असले प्रकार होतायत. ह्याला वेगळी चाळणी लावू का?

---

आयत्या_बिळावर

नको, दोन्ही दाखव. यादीत सहा-सात जागा आहेत, खळ आणि खल दोन्ही मावतात. फक्त क्रम लाव, टाइप केलेलं देवनागरीत असेल आणि मूळ नावाशी जसंच्या तसं जुळत असेल तर ते वर, त्याच्याखाली ऱ्हस्व-दीर्घ सोडून जुळणारं, त्याच्याखाली नुसती की जुळणारं. टेबलमध्ये अजून एक कॉलम, काम झालं. एकाच कीवर आठ-दहा वस्तू जमल्या तरच चाळणीला हात लाव. बाकी ती टक्कर शोधायची स्क्रिप्ट ठेव, नवीन माल चढवताना दर वेळी चालव.

---

जाई_फ्रंटएंड

आणि शून्य निकाल आलेल्या क्वेऱ्या आठवड्यातून एकदा मामांना प्रिंट काढून दे, नंबर वगैरे दिसले तर आधी खोडून. पर्यायी नावं त्यांनाच सगळ्यात जास्त माहीत आहेत.

---

शाबू_खिचडी

दिली. पहिल्याच पानावर त्यांनी "दगडी पोहे" वर गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय, हे ठेवतोच आपण, जाडे पोहे म्हणून टाकलंय कोणी?